तेल गेलं कुठे?

गेल्या महिन्यात साताऱ्याकडच्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांचा फोन आला. नोकरीत आम्ही दोन वर्षं एकत्र काढली होती. पेन्शनवर गेल्यावर त्यांनी हौसेनं एक जुनी साडेतीनशेची बुलेट घेतली आहे. लोखंडी सिलिंडरची, आपल्या युनिटमध्ये असायची तशीच. पावसाळ्यात ते दोन महिने मुलाकडे राहायला गेले होते. परत आल्यावर गाडी बाहेर काढण्याआधी त्यांनी सवयीप्रमाणे तेल बघितलं, तर डिपस्टिक ठणठणीत कोरडी.

“साहेब, खाली फरशीवर तेलाचा एक थेंब नाही. गाडी कुलपात होती. मग तेल गेलं कुठे?”

मी आधी एकच विचारलं, “वरून नवीन ओतलंत का?”

“नाही. म्हटलं, हात लावायच्या आधी तुम्हाला विचारावं.”

“फार बरं केलंत,” मी म्हणालो. पुढे काय करायचं ते त्यांना सांगितलं आणि फोन ठेवला.

फोन ठेवला खरा, पण राजस्थानातली एक सकाळ डोक्यातून जाईना. त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. तेव्हा हाच प्रश्न मलाही पडला होता. फरक इतकाच की सुभेदारसाहेबांनी उत्तर विचारलं, आणि मी कुणालाही न विचारता ते स्वतःच देऊन टाकलं होतं.

सहा बुलेट आणि एक रजिस्टर

खडकवासला आणि डेहराडून संपवून मला दोनेक वर्षं झाली होती. सिग्नल्सचा लेफ्टनंट, युनिटमध्ये सगळ्यांत ज्युनिअर, म्हणून एम.टी.ची, म्हणजे गाड्यांची जबाबदारी माझ्या गळ्यात. आमच्याकडे डिस्पॅच रायडरांसाठी सहा बुलेट होत्या. मोठा सराव संपवून आम्ही छावणीत परतलो, सगळ्या मोटरसायकलींचं तेल बदललं गेलं, आणि त्यानंतर तीन आठवडे त्या फारशा बाहेर पडल्या नव्हत्या. टेक्निकल इन्स्पेक्शन जवळ आलं होतं. म्हटलं, वरचे साहेब येऊन चुका काढण्याआधी आपणच बघून घ्यावं.

सहापैकी चार गाड्यांत तेल खालच्या खुणेच्याही खाली. मी रजिस्टर मागवलं. प्रत्येक गाडीपुढे तेल दिल्याची नोंद, तारीख, सही, सगळं चोख. शेडची जमीन कोरडी. रजिस्टर म्हणतं तेल दिलं, डिपस्टिक म्हणते तेल नाही, जमीन म्हणते गळलं नाही. माझं गणित दोन मिनिटांत सुटलं. तेल गाडीत पडलंच नाही, कुणीतरी बाहेर विकलं.

स्टोअरची चावी एका सिग्नलमनकडे असे. बुंदेलखंडातला बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, कामाला वाघ, बोलायला मुका. त्याला मी सगळ्यांसमोर उभा केला आणि बोलू नये ते बोललो. चोर हा शब्दही वापरला. तो सावधानमध्ये उभा होता. एवढंच म्हणाला, “साब, तेल मैंने अपने हाथ से डाला था.” मला तो कांगावा वाटला. उद्या सी.ओ. साहेबांपुढे उभा करतो, असं सांगून मी मोकळा झालो.

फौजेतल्या वाचकांना याचा अर्थ सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. सरकारी माल विकल्याचा ठपका एकदा कागदावर आला की तो पुसता पुसला जात नाही. बढती, पेन्शन, गावातली मान, सगळं त्या एका कागदाखाली दबतं. आणि हा कागद मी लिहायला घेतला होता एका पट्टीवरच्या खुणेच्या भरवशावर.

एवढ्यात शेजारच्या वर्कशॉपमधले ई.एम.ई.चे हवालदार तिथे आले. मूळचे तमिळनाडूचे, हिंदी पक्की फौजी. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी चारही डिपस्टिका बघितल्या, गाड्यांच्या कार डायऱ्या चाळल्या, आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “साब, चार्ज लिखने से पहले एक ट्रे मँगवा लीजिए.”

त्या ट्रेत काय आलं ते कळायला आधी बुलेटची तेलाची टाकी समजून घ्यावी लागते, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

तेल परत येत नसे तेव्हा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोटरसायकलींत तेल एकदा इंजिनात गेलं की परत येत नसे. टाकीला एक हातपंप असे. दर काही मैलांनी स्वारानं तो एकदा दाबायचा. तेल क्रँककेसमध्ये पडायचं, फ्लायव्हील ते उडवायचं, बेअरिंग आणि पिस्टन त्यावर चालायचे, आणि उरलेलं जळून किंवा गळून संपायचं. या पद्धतीला ‘टोटल लॉस’ म्हणत, आणि नावाप्रमाणेच ती होती. चढ लागला तर एक दाब जास्त. विसरलात तर पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसणार. जास्त दाबलंत तर स्पार्क प्लग काळा होऊन गाडी बंद पडणार. मागे वळून नळकांड्यातला धूर बघायचा, किंचित निळसर झाक दिसली की समजायचं, इंजिनाला तेल मिळतंय.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेचे संदेशवाहक ज्या ट्रायम्फ मॉडेल एचवर फ्रान्सच्या चिखलातून फिरले, ती ५५० सीसीची गाडी याच हातपंपावर चालायची. अशा तीस हजारांच्या आसपास गाड्या युद्धासाठी बनल्या. अंधारात, दिवा न लावता, खिशात हुकूम आणि डोक्यात मैलांची मोजणी. तेलाचा हिशेब पूर्णपणे माणसाकडे होता.

तो हिशेब यंत्राकडे द्यायची कल्पना म्हणजे ‘ड्राय संप’. संप म्हणजे क्रँककेसचा तळ, जिथे तेल साचतं. ड्राय संपमध्ये तो तळ कोरडा ठेवायचा असतो. तेल वेगळ्या टाकीत राहतं. एक पंप ते टाकीतून बेअरिंगांकडे ढकलतो, दुसरा पंप तळाशी पडलेलं तेल उचलून पुन्हा टाकीत टाकतो. तेच तेल पुन्हा पुन्हा फिरतं. फ्लायव्हीलला तेलात घुसळत फिरावं लागत नाही, ताकद वाया जात नाही, आणि तेलाला जरा निवायला वेळ मिळतो.

इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या रॉयल एन्फिल्डनं १९१३ च्या सुमारास आपल्या छोट्या व्ही-ट्विन गाडीवर ही पद्धत आणली. त्या गाडीची तेलाची टाकी काचेची होती. किती तेल उरलंय ते स्वाराला बसल्या जागी दिसायचं. पुढे त्याच कंपनीनं टाकी इंजिनाच्या पोटातच घेतली. क्रँककेस ओततानाच तिच्यात एक वेगळा कप्पा ठेवायचा, त्यातच तेल. बाहेरच्या नळ्या गेल्या, नळ्या तुटायची भीती गेली, थंडीत तेल लवकर गरम होऊ लागलं. फक्त एक गोष्ट गेली. तेल डोळ्यांना दिसेनासं झालं. त्याची खबर आता एका लोखंडी पट्टीकडून घ्यायची होती.

युद्धातल्या गाड्या आणि एक घातक उपाय

दुसऱ्या महायुद्धात संदेशवाहकांच्या हाती मुख्यतः बी.एस.ए. एम-२० आणि नॉर्टन १६ एच आल्या. दोन्ही जवळपास पाचशे सीसीच्या, साइड व्हॉल्व्हच्या, जड आणि चिवट. एकट्या बी.एस.ए.नं युद्धकाळात सव्वा लाखाहून अधिक एम-२० बनवल्या. या दोन्हींची तेलटाकी वेगळी, सीटच्या खाली, आणि पद्धत ड्राय संपचीच. टाकीचं झाकण उघडून इंजिन चालू ठेवलं की परतीच्या नळीतून तेल पडताना दिसतं. सलग धार येत नाही, फेसाळ आणि तुटक तुटक येतं. नवा माणूस ते बघून घाबरतो. पण ती तब्येत चांगली असल्याची खूण. परतीचा पंप मुद्दाम मोठा ठेवलेला असतो, त्यामुळे तळ रिकामा झाला की तो तेलाबरोबर हवाही ओढतो.

या गाड्यांचा एक जुना आजार होता. टाकी उंचावर, पंप खाली. गाडी उभी राहिली की तेल आपल्या वजनानं पंपाच्या फटीतून थेंब थेंब खाली उतरतं आणि जो तळ कोरडा असायला हवा तो भरतो. याला ‘वेट संपिंग’ म्हणतात. एम-२० मध्ये ते रोखायला एक स्प्रिंग आणि छोटी गोळी असते. गोळीखाली कचऱ्याचा कण अडकला की तेल झिरपायला मोकळं. परतीच्या वाटेवरही अशीच एक गोळी असते. ती चिकटून बसली की तेल तळातून वर येतच नाही. जुने मेकॅनिक खालचं झाकण काढून नळीत तार घालायचे आणि गोळी टोचून मोकळी करायचे. पाच मिनिटांचं काम, पण ठाऊक असेल तर.

काही जणांनी सोपा उपाय शोधला. टाकीपासून पंपाकडे जाणाऱ्या नळीत एक तोटी बसवायची. रात्री बंद, सकाळी उघडायची. तेल झिरपायचा प्रश्नच मिटला. पण घाईच्या एखाद्या सकाळी तोटी उघडायची राहून जाते. इंजिन सुरू होतं, छान चालतं, आणि थोड्याच अंतरावर बेअरिंग जळून अडकतं. तेलही गेलं, तूपही गेलं म्हणतात तसं. टाकीत काठोकाठ तेल, डिपस्टिक खूश, आणि इंजिनाला थेंब नाही. म्हणून शहाणे लोक अशी तोटी बसवलीच तर तिला इग्निशनचा स्विच जोडतात, म्हणजे तोटी उघडल्याशिवाय ठिणगीच पडत नाही.

रेडिच ते मद्रास

आपल्या बुलेटचं आजचं रूप युद्धानंतरचं. मागे स्विंगआर्मचं सस्पेन्शन असलेली नवी बुलेट १९४८ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रायल स्पर्धांत उतरली. त्याच वर्षी इटलीत झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या चाचणीतही तिनं सुवर्णपदकं मिळवली. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, ३४६ सीसी. १९४९ पासून मद्रास मोटर्समार्फत ती भारतात विकली जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतरच्या नव्या सीमांवर गस्तीला आणि डाकेला दणकट गाडी हवी होती. १९५० च्या दशकात फौजेनं आणि पोलिसांनी बुलेट निवडली. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. आधी रेडिचहून आलेले भाग जोडून, आणि मग साचे आणून, गाडी इथेच बनू लागली.

पुढे इंग्लंडमधली मूळ कंपनी १९७० पर्यंत संपली. मद्रासची बुलेट मात्र जवळजवळ त्याच साच्यात बनत राहिली, १९७७ मध्ये उलट ब्रिटनलाच निर्यात होऊ लागली. लोखंडी सिलिंडरचं ते इंजिन एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत चाललं. आजोबा, वडील आणि मुलगा अशा तीन पिढ्यांचे डिस्पॅच रायडर एकाच इंजिनावर शिकले, असं क्वचितच कुठे घडलं असेल. आणि इंजिन तेच, म्हणून त्याचे आजारही तेच.

आता टाकी. बुलेटची तेलटाकी सिलिंडरच्या मागे, क्रँककेसच्या ओतकामातच आहे. तेल साधारण सव्वादोन लिटर. दोन्ही पंप टायमिंग कव्हरमध्ये, एक पुरवठ्याचा आणि एक परतीचा, आणि दोन्ही क्रँकशाफ्टच्या टोकावरच्या वर्मवर चालतात. प्रत्येक पंपात एक प्लंजर मागेपुढे होतो आणि त्याच्याबरोबर एक चकती डोलते. चकतीतलं भोक कव्हरच्या भोकासमोर आलं की तेल आत येतं किंवा बाहेर जातं. चकती आणि कव्हर यांच्यामध्ये गॅसकेट नाही, रबर नाही. घासून सपाट केलेले दोन पृष्ठभाग, स्प्रिंगनं एकमेकांवर दाबून धरलेले. सगळा भरवसा त्या सपाटपणावर.

नवी चकती असेल तर आठवडे निघतात. झिजलेली असेल तर एका रात्रीत तेल उतरतं. टाकीतून पंपात, पंपातून फिल्टरमध्ये, तिथून बिग एंडच्या बेअरिंगमधून खाली फ्लायव्हीलच्या पायाशी. बाहेर एक थेंब पडत नाही. इंजिनाच्या पोटातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत तेल मुक्कामाला जातं, एवढंच. डिपस्टिक मात्र फक्त पहिल्या खोलीत डोकावते.

ट्रेत काय आलं

उस्तादांनी पहिल्या बुलेटखाली ट्रे सरकवली आणि तळाचा नट सैल केला. काळं नव्हे, चांगलं मधाच्या रंगाचं, ताजं तेल बदाबदा खाली आलं. मापात ओतलं तर सव्वा लिटरच्या वर भरलं. मी बघत राहिलो.

दुसऱ्या गाडीचा नट त्यांनी खोललाच नाही. किक मारली. किक जड गेली. गाडी सुरू झाली आणि शेड निळ्या-पांढऱ्या धुरानं भरून गेली. पोरं खोकत बाहेर पळाली. पाच मिनिटांत धूर विरला. उस्तादांनी इंजिन बंद केलं, दोन मिनिटं थांबले, डिपस्टिक पुसली, घातली, काढली आणि माझ्यापुढे धरली. तेल वरच्या खुणेला. तिसरी गाडी तशीच. चौथीही तशीच.

“और बाकी दो में तेल पूरा क्यों था?” मी विचारलं. तोपर्यंत मला वाटत होतं की चोरानं दोन गाड्या सोडल्या.

उस्तादांनी कार डायऱ्या पुढे केल्या. त्या दोन गाड्या आदल्याच दिवशी डाकेला जाऊन आल्या होत्या. तेल उतरायला वेळच मिळाला नव्हता. ती नोंद माझ्यासमोरच पडली होती. मी तेलाचं रजिस्टर बघितलं, डायरी बघितली नाही. ज्या कागदातून चोर सापडणार होता तोच मी वाचला.

समजा, मी त्या सकाळी आरोपाऐवजी उदारपणा केला असता आणि चारही गाड्यांत वरून एकेक लिटर तेल ओतायला सांगितलं असतं, तर काय झालं असतं? इंजिन सुरू होताच परतीच्या पंपानं तळातलं सगळं तेल टाकीत आणलं असतं. सव्वादोन लिटरच्या जागेत सव्वातीन. जास्तीचं तेल मिळेल त्या वाटेनं बाहेर पडतं, ब्रीदरच्या नळीतून, जोडांतून, आणि जातं थेट मागच्या चेनवर आणि टायरवर. डाक घेऊन निघालेला पोरगा पहिल्या वळणावर गाडी झुकवतो, आणि मागचं चाक त्याच्या खालून निसटतं. म्हणजे त्या एका पट्टीवर विश्वास ठेवून मी एकाची नोकरी घालवायला निघालो होतो, आणि जरा वेगळ्या मूडमध्ये असतो तर दुसऱ्याचा पाय मोडला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फॉल-इनला मी त्याच सगळ्यांसमोर त्या पोराची माफी मागितली. आदल्या संध्याकाळीच मागायला हवी होती, पण अंगावरचे दोन तारे आडवे आले. तो म्हणाला, “कोई बात नहीं, साब.”

पण बात होती. त्यानंतर मी त्या युनिटमध्ये होतो तोपर्यंत त्यानं कधीही एकट्यानं तेल भरलं नाही. दर वेळी कुणाला तरी साक्षीला उभं करायचा, भरण्याआधी डिपस्टिक दाखवायचा, भरल्यावर दाखवायचा, आणि रजिस्टरमध्ये दोन सह्या घ्यायचा. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं. मला ते प्रत्येक वेळी दिसायचं.

पोस्टिंगांनी शिकवलेलं

त्या सकाळनंतर मी उस्तादांच्या मागे लागून बुलेट शिकलो. पुढच्या पोस्टिंगांनी त्यात भर घातली. जुनी बुलेट सांभाळणाऱ्या आपल्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो.

पहिला नियम. थांबलेल्या बुलेटचं तेल मोजू नका. गाडी चालवून आणा किंवा निदान पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, बंद करा, दोन-चार मिनिटं थांबा, गाडी सरळ उभी करा, मग डिपस्टिक बघा. त्यातही कमी असेल तरच ओता. गाडी फार दिवस उभी असेल तर तळाचा नट खोलून तेल काढा आणि स्वच्छ असेल तर तेच गाळून परत टाकीत घाला. रिंगांवर आणि सीलवर ताण येत नाही.

सुरू केल्यावर पाच मिनिटं धूर आला आणि गेला, तर काळजी नाही. धूर जातच नसेल तर दोन शक्यता. रिंगा गेल्या असतील, किंवा परतीचा पंप काम करत नसेल. ओळखायचं कसं? गाडी फिरवून आणा आणि बंद केल्याबरोबर तळाचा नट काढा. थोडंसं तेल आलं तर पंप ठीक. भरपूर आलं तर तेल तळात अडकतंय. आधी तळाची जाळी साफ करा, कारण निम्म्या वेळा दोष तिथेच असतो. मग पंपाची चकती काढून काचेवर बारीक पेस्टनं घासून सपाट करा. घाईनं सगळा पंप बदलायची गरज नसते.

राजस्थानात उन्हाळ्यात तेल पाण्यासारखं पातळ होतं आणि भराभर उतरतं. लडाखमध्ये उलटं. पहाटे तेल काकवीसारखं घट्ट, उतरायचं नाव नाही, पण वर बेअरिंगपर्यंत पोहोचायलाही वेळ लावतं. तिथे गाडी सुरू करून लगेच थ्रॉटल पिळणारा माणूस इंजिनाचं आयुष्य कमी करतो. मंद चालू ठेवा, सिलिंडरला हात लावून ऊब आली की निघा. तिथलीच एक आठवण. खारदुंग ला खिंडीत बरीच वर्षं १८,३८० फूट उंचीची पाटी होती. आधुनिक मोजणीत ती खिंड १७,६०० फुटांच्या आसपास भरते. पाटीजवळ फोटो काढताना मला दर वेळी ती डिपस्टिक आठवायची.

आसामात वेगळाच अनुभव. झाकण उघडलं की खाली दुधाळ कॉफीसारखा चिकट थर. इंजिनात पाणी गेलं म्हणून पोरं घाबरतात. हवेत दमटपणा, आणि गाडी रोज फक्त मेसपासून ऑफिसपर्यंत दोन किलोमीटर. इंजिन पुरतं तापतच नाही, आतल्या हवेतली वाफ थंड होऊन तेलात मिसळते. आठवड्यातून एकदा गाडी तीस-चाळीस किलोमीटर पळवा, थर आपोआप जातो. तरीही गेला नाही तर मात्र तेल बदला आणि पाणी कुठून येतंय ते शोधा.

तेल कमी झालं की सगळे बघतात. तेल वाढलं तर कुणी बघत नाही, आणि ते जास्त घातक. न ओतता पातळी वर गेली असेल तर डिपस्टिक नाकाशी धरा. पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटरची सुई गळते आहे आणि पेट्रोल कॉक उघडा राहिला आहे. असं पातळ झालेलं तेल बेअरिंगला सांभाळू शकत नाही. ते फेकून द्या, सुई बदला, आणि गाडी उभी करताना कॉक बंद करायची सवय लावा.

शेवटचं म्हणजे काढलेलं तेल लगेच फेकू नका. पांढऱ्या कापडावर पसरून उन्हात बघा. काळं असणं हा दोष नाही, ते त्याचं कामच आहे. चकाकणारे कण दिसले तर लोहचुंबक फिरवा. चिकटले तर पोलाद झिजतंय. नाही चिकटले आणि पिवळसर असले तर एखादं पितळी बूश बोलतंय. इंजिन आपलं दुखणं आधी तेलाला सांगतं, आवाज नंतर करतं.

काच परत आली

२००९ नंतरच्या बुलेटमध्ये हा सगळा प्रश्नच राहिला नाही. नव्या इंजिनात तेल तळातच राहतं, वेगळी टाकी नाही, म्हणून उतरायला जागाच नाही. आणि बाजूला तेल बघायला एक छोटी गोल काच आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या गाडीतली काच फिरून परत आली. नवे पोरगे त्या काचेत डोकावतात आणि पुढे जातात. त्यांना डिपस्टिकचं खोटं बोलणं माहीत नाही, आणि त्यात त्यांचं काही बिघडलंही नाही.

मी मात्र पुढे जिथे जिथे गेलो तिथे माझ्या हाताखालच्या नव्या लेफ्टनंटला पहिल्या आठवड्यात एका जुन्या बुलेटपाशी नेलं. डिपस्टिक बघायला सांगायची. कोरडी निघाली की विचारायचं, “आता काय करशील?” बहुतेक जण म्हणतात, तेल ओतेन. काही जण विचारतात, शेवटचं तेल कुणी भरलं होतं? हे दुसरं उत्तर ऐकलं की मी त्याला किक मारायला लावतो, आणि धूर जाईपर्यंत तिथेच उभा करतो. मग त्या बुंदेलखंडातल्या पोराची गोष्ट सांगतो.

सुभेदारसाहेबांचा त्याच संध्याकाळी परत फोन आला. धुरानं शेजारी जमले होते म्हणे, पण तेल वरच्या खुणेला आलं. “साहेब, आमच्या नातवानं तर दुधवाल्याच्या पोरावर संशय घेतला होता,” ते हसत म्हणाले.

मी विचारलं, “त्या पोराला कुणी काही बोललं नाही ना?”

“नाही, नाही. तेवढ्यात तुमचा फोन लागला.”

जय हिंद.